वन डायरेक्शनचा ‘फोर’: समीक्षकांनी ज्याला ‘प्रौढ’ म्हटलं ते नेमकं काय होतं?

उभादांडा (वेंगुर्ले):

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पाठची गोष्ट सांगितल्याशिवाय तो का विचारतेय ते कळणार नाही, म्हणून आधी ती.

आमच्या इथल्या वाचनालयात महिन्यातून एकदा गाणं ऐकायची बैठक असते. एकाने एखादा अल्बम निवडायचा, सगळ्यांना ऐकवायचा आणि तासभर त्यावर बोलायचं. आजवर अभिषेकीबुवा झाले, किशोरीताई झाल्या, एकदा बीटल्सही झाले. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. मी वन डायरेक्शनचा २०१४ सालचा ‘फोर’ सांगितला. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “तो पोरींचा बँड ना? त्याच्यावर तासभर काय बोलणार?” मी तिथे गप्प राहिले. घरी येताना बंदरावर अर्धा तास बसले आणि ठरवलं की बोलायचंच, आणि पूर्ण तयारीने बोलायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१० साली ब्रिटनमधल्या ‘एक्स फॅक्टर’ या टीव्ही स्पर्धेत पाच मुलं वेगवेगळी आली होती. स्पर्धेतच त्यांची मोट बांधली गेली आणि ती तिसरी आली. नायल, झेन, लियम, हॅरी आणि लुई. २०११ पासून २०१५ पर्यंत दर नोव्हेंबरात त्यांचा एक अल्बम आला. ‘फोर’ हा चौथा, १७ नोव्हेंबर २०१४ चा. मुलांची वयं तेव्हा वीस ते बावीस.

त्या वेळची परीक्षणं मी तेव्हा वाचली नव्हती, वाचायचं सुचलंही नव्हतं. आता बैठकीसाठी शोधून शोधून वाचली. एकूण सूर अनुकूल आहे. पोरं मोठी झाली, आवाज भारदस्त झाला, गाणी आधीपेक्षा प्रौढ झाली, असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. पण पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा तीच नावं येतात: फ्लीटवुड मॅक, ब्रूस स्प्रिंगस्टीन, जर्नी. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातलं रॉक. सात-आठ परीक्षणं एका बैठकीत वाचल्यावर मला असं वाटायला लागलं की ‘प्रौढ’ याचा अर्थ इथे ‘आमच्या तरुणपणी आम्ही जे ऐकायचो त्याच्यासारखं’ एवढाच आहे.

अल्बम प्रौढ आहे हे मलाही मान्य आहे. मला त्याचं कारण दुसरं वाटतं, आणि ते मला कसं सापडलं ते सांगते.

२०१४ ला मी बारावीला होते, रत्नागिरीत हॉस्टेलवर. खोलीत आम्ही चौघी, एक राजापूरची, एक लांज्याची, एक दापोलीची. इंटरनेटचा पॅक पुरवून पुरवून वापरायचो, त्यामुळे गाणी डाउनलोड करणं शक्यच नव्हतं. मारुती मंदिरजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. मी तीस रुपये दिले आणि सोळा गाणी भरून घेतली. माझा फोन साधा होता. तो गाणी नावांच्या क्रमाने लावायचा, आधी आकडे, मग ए, बी, सी.

त्यामुळे जगाने हा अल्बम ज्या क्रमाने ऐकला त्या क्रमाने मी तो ऐकलाच नाही. मूळ अल्बम सुरू होतो ‘स्टील माय गर्ल’ने. पियानोचे मोठाले कॉर्ड्स, स्टेडियमभर घुमेल असा कोरस. समीक्षकाच्या कानावर पहिल्याच मिनिटाला ते आदळतात आणि त्याला लगेच जर्नी आठवतो. माझ्या कार्डात ते गाणं चौदावं होतं. माझा अल्बम सुरू व्हायचा ‘एटीन’ने, कारण फाइलचं नाव आकड्यात होतं. एड शीरन या इंग्लिश गायकाचं नाव आहे त्या गाण्याच्या गीतकारांत. अठराव्या वर्षापासून तुझ्यावर प्रेम करतोय, असं कुणीतरी मागे वळून सांगतंय. आणि त्याच्या लगेच पाठोपाठ ‘ॲक्ट माय एज’, जे मूळ अल्बममध्ये अगदी शेवटचं, तेही जास्तीची गाणी असलेल्या आवृत्तीत. म्हातारा झालो, अंग सुटलं, स्वतःची मुलं हसली तरी नाचेन, असं म्हणणारं ठेक्याचं गाणं.

अठरा वर्षं आणि म्हातारपण, लागोपाठ. मी सतरा वर्षांची होते. माझ्यासाठी हा अल्बम पहिल्या सात मिनिटांतच वयाबद्दलचा झाला आणि मग प्रत्येक गाण्यात मला तेच ऐकू यायला लागलं.

महिन्यातून एकदा घरी जायचे, रत्नागिरी-वेंगुर्ले एसटीने. हातखांबा येईपर्यंत पाच-सहा गाणी व्हायची आणि पालीच्या आसपास नववं ‘नाइट चेंजेस’ लागायचं. त्यात एक मुलगी रात्री बाहेर जायला निघालीय, लाल काहीतरी घालून, आणि तिच्या आईला तसला ड्रेस आवडत नाही. आईवर एवढी एकच ओळ आहे. गाणं तिची टिंगल करत नाही, तिच्याशी भांडतही नाही. पुढे कोरसमध्ये ते म्हणतात की आपलं वय वाढत चाललंय आणि हल्ली हा विचार मनात येतो. मग वचन, की रात्र बदलेल, तू आणि मी नाही बदलणार.

त्या डिसेंबरात मी पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी जीन्स घेतली होती आणि ती घालून घरी चालले होते. आई काही बोलली नाही. जेवायला वाढताना फक्त एकदा खालून वरपर्यंत बघितलं. मला वाटतं गाण्यातल्या त्या एका ओळीत जेवढं आहे, तेवढंच त्या बघण्यात होतं. मला राग आला नव्हता. तिचं काहीतरी हातातून सुटत चाललंय हे मला त्या क्षणी दिसलं, आणि त्या गाण्यामुळे दिसलं. आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे, काजूच्या कारखान्यात हिशेब बघते, आणि तरी हे मी कुणाला इतक्या स्पष्ट शब्दांत पहिल्यांदाच सांगतेय.

पुढे २५ मार्च २०१५ ला झेन बँड सोडून गेला. आमची बारावीची परीक्षा संपत आली होती. तू आणि मी बदलणार नाही असं गाणाऱ्या पाच जणांतला एक चार महिन्यांतच बदलला. खोलीतली लांज्याची मुलगी त्या रात्री जेवली नाही. आणि २०२४ च्या १६ ऑक्टोबरला लियम गेला तेव्हा आम्ही चौघींनी दहा वर्षांनी एकमेकींना फोन केले. ‘आपलं वय वाढत चाललंय’ म्हणणाऱ्या आवाजांतला एक एकतिसाव्या वर्षी थांबला.

तर माझा प्रश्न असा. समीक्षकांनी या अल्बमला प्रौढ म्हटलं ते त्याच्या वाजवण्यावरून. मला तो प्रौढ वाटतो तो काळ सरतोय याची जाणीव त्या मुलांना झाली म्हणून. हे मी बैठकीत मांडलं तर ते समीक्षा म्हणून उभं राहील का? की ‘मुलीची आठवण’ म्हणून ऐकून सोडून देतील? ज्यांनी तेव्हा हा अल्बम ऐकला, परीक्षणं वाचली, त्यांनी कृपया लिहा. विरोधी मत असलं तरी हवंय.


चिपळूणकर९४:

ताई, मी चिपळूणला गिटार शिकवतो, त्यामुळे थोडं वाजवणाऱ्याच्या बाजूने बोलतो. समीक्षकांवर तुम्ही थोडा अन्याय करताय.

ती नावं त्यांनी उगाच घेतलेली नाहीत. ‘स्टील माय गर्ल’चा पियानो ऐकला की जर्नीचं १९८३ चं ‘फेथफुली’ आठवणारच, कुणालाही. ‘फायरप्रूफ’मधला हलका ठेका, त्यावर सुटी सुटी गिटार आणि एकमेकांवर रचलेले आवाज हे फ्लीटवुड मॅकच्या १९७७ च्या ‘रूमर्स’च्या घराण्यातलंच आहे. समीक्षकाने कान उघडे ठेवून जे ऐकलं ते लिहिलं.

प्रौढपण कुठे आहे विचाराल, तर मी आधीचा अल्बम शेजारी ठेवून दाखवीन. २०१३ चा ‘मिडनाइट मेमरीज’. त्याच्या शीर्षकगीतात ऐंशीच्या दशकातला डेफ लेपर्ड हा रॉक बँड सरळ दिसतो. ‘बेस्ट साँग एव्हर’ची सुरुवात ऐकली की द हू या बँडचं १९७१ चं ‘बाबा ओ’रायली’ आठवतं. तिथे सांधा दिसतो. जुनं लाकूड कुठे संपलं आणि नवीन कुठे जोडलं ते बोटाला लागतं. ‘फोर’मध्ये तोच सांधा घासून गुळगुळीत केलेला आहे. ज्युलियन बुनेटा, जॉन रायन आणि जेमी स्कॉट या गीतकार-निर्मात्यांबरोबर दौऱ्यावर असताना, हॉटेलच्या खोल्यांतसुद्धा रेकॉर्डिंग करत ही मुलं शिकत गेली. बऱ्याच गाण्यांच्या श्रेयात त्यांची स्वतःची नावं आहेत, लुई आणि लियमची सगळ्यात जास्त. माझ्या मते प्रौढ होणं म्हणजे हेच. दुसऱ्याचं घेतलेलं आपल्या अंगाला बसणं.

आणखी एक. समीक्षक जसजसे खूश होत गेले तसतशी विक्री खाली आली. ‘मिडनाइट मेमरीज’ २०१३ मध्ये जगात सगळ्यात जास्त खपलेला अल्बम होता, ४० लाख प्रती. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात तो ५ लाख ४६ हजार खपला, ‘फोर’ ३ लाख ८७ हजार. तरी ‘फोर’ तिथे पहिल्या क्रमांकावरच उतरला आणि पहिले चारही अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेला तो बिलबोर्ड या अमेरिकी क्रमवारीच्या इतिहासातला पहिला बँड ठरला. म्हणजे कौतुक वाढलं ते लोकप्रियता चढत असताना नव्हे, थोडी उतरायला लागल्यावर. हे बैठकीत सांगण्यासारखं आहे.

आणि खरं प्रौढ काम हवं असेल तर २०१५ चा ‘मेड इन द ए.एम.’ ऐकवा. झेनचा उंच आवाज गेल्यावर चौघांनी मधली पट्टी कशी भरून काढली ते ऐकण्यासारखं आहे. ‘फोर’मधले शब्द मला अजूनही बरेच पातळ वाटतात. ‘नाइट चेंजेस’ सोडलं तर तुमचा वयाचा मुद्दा किती गाण्यांवर टिकेल, शंका आहे.


उभादांडा (वेंगुर्ले):

सांध्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो मी तुमचं नाव घेऊन बैठकीत सांगणार आहे. मी दोन्ही अल्बम आज दुपारी लागोपाठ ऐकले आणि तुम्ही म्हणता ते ऐकू आलं.

पण वयाचा मुद्दा फक्त ‘नाइट चेंजेस’वर उभा नाही. ‘स्पेसेस’ घ्या, दोन माणसांमधली जागा वाढत चाललीय आणि आधी कोण निघणार हे कळत नाही. ‘रेडी टू रन’मध्ये निघून जायची घाई आहे. ‘फूल्स गोल्ड’मध्ये आपण फसवले जातोय हे ठाऊक असून थांबलेला माणूस आहे. पहिल्या दोन अल्बममध्ये मुलगी भेटते, आवडते, हवी असते. इथे भेटून झालंय आणि आता टिकवायचं कसं हा प्रश्न आहे. शब्द साधे आहेत, ते कबूल. साधे आणि पातळ यात मी फरक करते. आमची आजी ओव्या म्हणायची त्यातही चार साधे शब्दच असायचे.

‘मेड इन द ए.एम.’ मला खूप प्रिय आहे. पण तो निरोपाचा अल्बम आहे, निरोप घेताना माणूस आपोआप मोठा होतो. ‘फोर’मध्ये कुणी जाणार आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. तरी गाण्यांत ते आहे. म्हणून मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.


निवृत्तमास्तर (दापोली):

मी वन डायरेक्शन ऐकलेला नव्हता. ही चर्चा वाचून काल रात्री ऐकला. मी बीटल्सच्या वेळचा माणूस आहे, म्हणून तुमच्या प्रश्नाच्या एका भागाबद्दल खात्रीने लिहू शकतो.

२७ डिसेंबर १९६३ च्या लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्या वृत्तपत्राचे संगीतसमीक्षक विल्यम मान यांनी बीटल्सवर लेख लिहिला. तोवर बीटल्स म्हणजे किंचाळणाऱ्या मुलींचा बँड अशीच गणना होती. मान यांनी त्यांना गंभीर संगीतकार म्हटलं. आणि पुरावा काय दिला? ‘नॉट अ सेकंड टाइम’ या गाण्याच्या शेवटी एओलियन कॅडेन्स, म्हणजे सुरावट संपवायची एक तऱ्हा आहे आणि पाश्चात्य शास्त्रीय संगीतकार माहलरच्या एका रचनेचा शेवट तसाच आहे, असा. जॉन लेनन पुढे म्हणाला की ते काय असतं हे मला आजही ठाऊक नाही, परदेशी पक्ष्यांची नावं असावीत तसं वाटतं.

बाई, तुमच्या मुद्द्याचा हा पूर्वज आहे. १९६३ मध्ये मोठेपणाचा दाखला माहलरच्या सहीने मिळाला, २०१४ मध्ये फ्लीटवुड मॅकच्या. तरुणांच्या गाण्याला प्रतिष्ठा द्यायची तर समीक्षक मागच्या पिढीच्या प्रतिष्ठित गाण्याकडे बोट दाखवतो. चिपळूणच्या मित्राचं म्हणणंही खरं आहे, मान यांचे कान उत्तम होते आणि त्यांनी ऐकलं ते खोटं नव्हतं. पण त्या गाण्यात माहलर ऐकू येण्याच्या कितीतरी आधी लिव्हरपूलच्या मुलींनी काहीतरी ऐकलं होतं. ते कुणी लिहून ठेवलं नाही.

उलट त्या मुलींबद्दल काय लिहिलं गेलं तेही पाहा. फेब्रुवारी १९६४ मध्ये ‘न्यू स्टेट्समन’मध्ये पॉल जॉन्सन यांचा लेख आला. बीटल्सच्या चाहत्या तरुणतरुणींचे चेहरे रिकामे आहेत, ही त्यांच्या पिढीतली अयशस्वी, आळशी मुलं आहेत, असा त्याचा सूर होता. साठ वर्षं झाली. तो लेख आज लोक काढतात तो केवळ समीक्षक किती चुकू शकतो हे दाखवायला.

मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं. आठवी-नववीच्या मुली वहीच्या मागच्या पानावर गाण्यांच्या ओळी लिहायच्या. वह्या तपासताना मी त्यावर लाल पेनाने काट मारत असे. आज तुमचं लिखाण वाचताना ती पानं डोळ्यांसमोर आली. त्या ओळी मी एकदा तरी वाचायला हव्या होत्या.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: होय, ही समीक्षा आहे. क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे तुम्ही स्वतःच्या अनुभवाने दाखवलंत, आणि दुसरा कुणीही तो क्रम लावून ते तपासून पाहू शकतो. ज्या विधानाची दुसऱ्याला तपासणी करता येते ते नुसती आठवण नसतं.


पेटीवाले काका (कुडाळ):

बाय, माका इंग्लिश गाण्यातला काय एक कळणा नाय. पण तुझा वाचलंय आणि रवाक नाय, म्हणान लिवतंय. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून आपल्या नेहमीच्या मराठीत.

दशावतारात मी तीस वर्षं पेटी धरली. कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की रोज रात्री वेगळ्या गावात. पोरगा मंडळीत येतो तेव्हा कोवळा आवाज असतो, स्त्रीपार्ट करतो. चार-पाच वर्षांनी आवाज फुटतो, छाती भरते आणि एक दिवस त्याला राजपार्ट मिळतो. त्या रात्री देवळासमोर पुढच्या रांगेत बसलेले जुने रसिक काय म्हणतात ठाऊक आहे? अमक्यासारखा उभा राहिला, तमक्याची तलवार आठवली. त्या पोराला ती मोठी शाबासकी असते, आयुष्यभर पुरते. ती खरीच असते.

पण मी पेटीवर बसलेला असतो ना, मला दुसरं दिसतं. राजपार्ट करताना तो पोरगा पहिल्यांदा स्वतःचं वाक्य टाकतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचायचे असतात. इतके दिवस तो ऐकलेली वाक्यं बोलत असतो. एका रात्री तो काहीतरी असं बोलतो की मला पेटीवरचा हात थांबवून बघावंसं वाटतं. कुणासारखंच नसतं ते. जुन्या रसिकांना ते बहुधा कळत नाही, कारण त्यांना त्यात कुणी आठवत नाही. कळतं ते मागे उभ्या राहिलेल्या चेडवांना, म्हणजे पोरींना. त्या हसायच्या बंद होतात, एकदम गप्प.

तुझ्या त्या पोरांनी स्वतःचं वाक्य कुठे टाकलं, ते शोध आणि ते ऐकव. आईच्या ड्रेसची ओळ मला त्यातली वाटते.

बैठक कधी आहे ते कळव. मी येतो.


रत्नागिरी_२०१५:

मी या सगळ्यात लहान असेन, ‘फोर’ आला तेव्हा आठवीत होते. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, ‘नो कंट्रोल’ची. ते गाणं कंपनीने सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून सुटं असं, काढलंच नव्हतं. मे २०१५ मध्ये जगभरच्या चाहत्यांनी स्वतःच ठरवलं की हे सिंगल व्हायला हवं. कव्हरची चित्रं स्वतः काढली, प्रसिद्धी स्वतः केली, रेडिओ केंद्रांना विनंत्या पाठवल्या. बीबीसी रेडिओ वनवर ते वाजलं आणि पुढे बँडने अमेरिकेत जेम्स कॉर्डनच्या कार्यक्रमात ते गायलं. मी तेव्हा बाबांच्या फोनवरून फक्त दोन पोस्ट टाकल्या होत्या, पण त्या मोहिमेत मी होते. आता मागे बघताना वाटतं, अल्बममधलं सगळ्यात जोरकस आणि धीट गाणं कोणतं हे आम्हाला कंपनीच्या आधी कळलं होतं. निवड करणं, कारण देणं, इतरांना पटवणं, हे सगळं आम्ही केलं. समीक्षक आणखी वेगळं काय करतात?

दुसरी. २०१७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ला दिलेल्या मुलाखतीत हॅरीला या विषयावर विचारलं होतं. तरुण मुलींची आवड तिशीतल्या पुरुषाच्या आवडीपेक्षा कमी दर्जाची कशावरून, बीटल्सही मुलींनाच आवडायचे ना, अशा अर्थाचं तो बोलला. मी तेव्हा अकरावीत गेले होते. ते वाचून खोलीचं दार लावून रडले. इतकी वर्षं आम्ही ज्याच्या बाजूने उभ्या होतो, तो आमच्या बाजूने उभा राहिला होता.

वन डायरेक्शनला बँड म्हणून ग्रॅमीचं नामांकन कधीच मिळालं नाही. हॅरीला २०२३ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीच मिळालं, एकट्याने. मला आनंद झाला. पण मनात आलं की तीच मुलगी, तेच कान, फक्त आता तिला कुणी हसत नाही.


उभादांडा (वेंगुर्ले):

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मास्तर, तुमचं लाल पेनाचं वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. माझ्या वहीचंही मागचं पान होतं आणि त्यावर काट मारणारं पेनही लाल होतं. तुम्ही लिहिलंत म्हणून ते पान परत मिळाल्यासारखं झालं. मान आणि जॉन्सन हे दोन लेख मी शेजारी शेजारी ठेवून सुरुवात करणार आहे. आमच्या बैठकीत बीटल्स आधीच होऊन गेलेत, त्यामुळे त्या ज्येष्ठ सभासदांनाही तो धागा धरता येईल. त्यांना हरवायचं माझ्या मनात नाही. त्यांनी ‘नाइट चेंजेस’ पूर्ण ऐकावं एवढंच हवंय. त्यांना दोन मुली आहेत, दोघी पुण्यात असतात.

चिपळूणकर, तुमच्यासाठी ‘मिडनाइट मेमरीज’ची दोन गाणी आणि ‘फायरप्रूफ’ लागोपाठ लावणार, सांधा दाखवायला. विक्रीचे आकडेही सांगणार. ‘शब्द पातळ आहेत’ हा तुमचा आक्षेप मी लपवणार नाही, तो ठेवून त्यावर लोकांना बोलू देणार. ‘गर्ल ऑलमायटी’सारख्या एखाद्या गाण्यापुढे मला स्वतःलाच तुमचं म्हणणं पटतं.

रत्नागिरीच्या मुली, ‘नो कंट्रोल’ची गोष्ट मला अर्धवटच ठाऊक होती. मे २०१५ मध्ये मी बारावीच्या निकालाची वाट बघत घरी बसले होते आणि आमच्याकडे रेंज यायची ती फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. बैठकीला येऊ शकलीस तर ती गोष्ट तू सांग. माझ्या तोंडून ती ऐकण्यात अर्थ नाही.

काका, स्वतःचं वाक्य कुठे टाकलं ते मी कालपासून शोधतेय. आईच्या ड्रेसची ओळ तर आहेच. पण मला अजून एक सापडली. कोरसमध्ये वय वाढतंय म्हणून झाल्यावर ते म्हणतात की हल्ली मी याचा विचार करतोय. ‘हल्ली’ हा शब्द. एकवीस वर्षांच्या मुलाने हल्ली म्हणावं. स्टेडियममध्ये साठ हजार माणसं समोर असताना, त्या वर्षी जगात सगळ्यात जास्त कमाई करणारा दौरा चालू असताना, त्याला हल्ली कधीतरी रात्री हे सुचत होतं. तिथे मला कुणीच आठवत नाही, फ्लीटवुड मॅक नाही आणि जर्नीही नाही. तुमचा पेटीवरचा हात तिथे थांबतो का, ते मला बघायचंय.

गाणी मी माझ्या कार्डाच्या क्रमाने लावणार आहे, ‘एटीन’पासून. मूळ क्रम शेवटी फलकावर लिहीन, म्हणजे ज्यांना घरी जाऊन तपासायचं त्यांना तपासता येईल. लांज्याच्या मैत्रिणीला काल फोन केला. ती आता रोह्याला असते, यायला जमणार नाही, पण ‘स्पेसेस’ कापू नकोस म्हणाली.

जुनं कार्ड कंपासपेटीत होतं, आईने माळ्यावर ठेवलेल्या. रीडरला लावून बघितलं. सोळाच्या सोळा गाणी आहेत. आई शेजारी उभी राहून ऐकत होती. नववं लागलं तेव्हा तिने विचारलं, हे काय म्हणतायत? मी ती ड्रेसची ओळ मराठीत सांगितली. ती म्हणाली, परत लाव.

बैठक दुसऱ्या शनिवारी, दुपारी साडेचारला. काका, कुडाळहून दोनच्या गाडीने निघालात तर आरामात पोहोचाल. स्टँडवर मी घ्यायला येते.